नवा विषय क्रेडिटच्या टोपलीत बसवायचाय? फाइल कुठे अडते ते आधी बघा

दिवाळीची सुटी संपून कॉलेज उघडलं की प्राचार्य स्टाफरूममध्ये येतात, सगळ्यात नव्या माणसाकडे बघतात आणि म्हणतात, "मॅडम, एनईपीचं तेवढं तुम्ही पाहून घ्या." एनईपी म्हणजे नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण. तालुक्याच्या कॉलेजात हे काम बहुधा तासिका तत्त्वावर लागलेल्यांच्या गळ्यात पडतं. काम काय, तर पदवीच्या क्रेडिटमध्ये (अभ्यासाच्या तासांवरून मोजायच्या एककांत) मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या, बाहेर जे सामाईक विषय असतात, त्यांत आपल्या कॉलेजचा एखादा विषय विद्यापीठाकडून मंजूर करून आणायचा.

मी हे तीनदा केलं. पहिल्यांदा फाइल परत आली. दुसऱ्यांदा विषय मंजूर झाला, पण पोरांचे निकाल अडकले. तिसऱ्यांदा निभावलं. पुढे जे लिहितोय ते बरंचसं पहिल्या दोन वेळांच्या जिवावर.

उदाहरण म्हणून आमचाच विषय घेतो: "कापूस: प्रतवारी, ओलावा आणि बाजार", २ क्रेडिट. कॉलेज कपाशीच्या पट्ट्यातलं, कला आणि वाणिज्य अशा दोनच शाखा. वर्गातल्या निम्म्याहून जास्त पोरांच्या घरी कापूस, आणि खरेदी केंद्रावर ग्रेडरनं माल हातात घेऊन नेमकं काय पाहिलं ते एकालाही सांगता येत नव्हतं. विषय तिथून सुचला.

टोपल्या ओळखा

राज्य शासनाने २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने पदवीचा क्रेडिट आराखडा ठरवून दिला आणि संलग्नित महाविद्यालयांत तो २०२४-२५ पासून आला. एका सत्राला २० ते २२ क्रेडिट, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. यातला किमान निम्मा वाटा मेजरचा. आपलं काम उरलेल्या भागात आहे.

तिथे अनेक टोपल्या, म्हणजे विषयांचे गट, आहेत. ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे ओई. व्यवसाय कौशल्याचा व्हीएससी. कौशल्यवृद्धीचा एसईसी. भाषांचा एईसी. मूल्यशिक्षणाचा व्हीईसी, ज्यात पर्यावरण, संविधान असे विषय येतात. भारतीय ज्ञानप्रणालीचा आयकेएस. आणि एनएसएस, एनसीसी, खेळ, योग यांचा सीसी. कोणत्या सत्रात कोणती टोपली किती क्रेडिटची हे विद्यापीठागणिक थोडं बदलतं. विदर्भात नागपूर, अमरावती आणि गोंडवाना अशी तीन संलग्नता देणारी विद्यापीठं. तिघांचे तक्ते वेगळे. नागपूरला शिकवणाऱ्या मित्राने व्हॉट्सॲपवर पाठवलेला तक्ता गोंडवानाच्या फाइलीला लावू नका. हसू नका, असं झालेलं आहे.

आपल्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून तीन कागद उतरवून घ्या: तुमच्या शाखेचा क्रेडिट तक्ता, त्यासंबंधीचा अध्यादेश किंवा दिशानिर्देश, आणि प्रत्येक टोपलीतल्या आधीच मंजूर असलेल्या विषयांची यादी.

तिसरा कागद सगळ्यात आधी वाचा. पुष्कळदा आपल्याला हवा तो विषय दुसऱ्या कुणाच्या नावाने दोन वर्षांपूर्वीच मंजूर होऊन पडलेला असतो. मग नवा प्रस्ताव कशाला? प्राचार्यांच्या सहीने "हा विषय आम्ही या सत्रापासून सुरू करत आहोत" एवढं कळवायचं, की झालं. माझी पहिली फाइल याच कारणाने परत आली. मी लिहिलेल्या विषयाचा साठ-सत्तर टक्के भाग वाणिज्यच्या एका कृषिविपणनाच्या विषयात आधीच होता. अख्खा डिसेंबर त्यात गेला.

टोपली चुकली तर चांगला विषयही बाहेर राहतो

नव्या माणसाला वाटतं, समिती विषय चांगला आहे का ते बघेल. बघते, पण नंतर. आधी बघते तो कोणत्या टोपलीत टाकलाय आणि त्या टोपलीच्या नियमात बसतो का.

ओईचा मुख्य नियम: विद्यार्थ्याने तो आपल्या मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यायचा. आमचा कापसाचा विषय आम्ही वाणिज्य विभागाकडून ओई म्हणून लिहिला होता. म्हणजे वाणिज्यच्या पोरांना तो घेताच आला नसता, आणि अडत दुकानदारांची, जिनिंगवाल्यांची सगळी पोरं वाणिज्यलाच. कॉलेजात शाखा दोनच असल्यामुळे तो फक्त कलेच्या पोरांसाठी उरला असता. ही अडचण शहरातल्या पाच शाखांच्या कॉलेजला कधी कळत नाही.

व्हीएससी मेजरशी किंवा मायनरशी (दुय्यम विषयाशी) जोडलेला लागतो. मग तो केवळ वाणिज्यचाच झाला असता. शेवटी आम्ही एसईसी निवडला, कारण कौशल्याच्या टोपलीला शाखेचं कुंपण नाही. विद्यापीठाने मान्य केलेल्या यादीतून कोणीही घेऊ शकतो.

आयकेएसचा मोह टाळा. हल्ली ज्याला त्याला वाटतं की "पारंपरिक" हा शब्द घातला की फाइल सरसर जाते. ग्रामगीतेतला ग्रामविचार, मोहफुलाचं पारंपरिक ज्ञान, झाडीपट्टीची नाट्यपरंपरा असा विषय खरोखर असेल तर जरूर तिथे न्या. कापसाचा भाव आयकेएसमध्ये बसत नाही.

तासांचा हिशेब

सर्वात जास्त फाइली इथे आपटतात. नियम साधा: तासिकेच्या विषयाला १ क्रेडिट म्हणजे सत्रभरात १५ तास, प्रात्यक्षिकाला १ क्रेडिट म्हणजे ३० तास. सत्र पंधरा आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला अनुक्रमे एक आणि दोन तास.

आमचे २ क्रेडिट असे: १ तासिकेचं, १ प्रात्यक्षिकाचं. म्हणजे १५ अधिक ३०, एकूण ४५ तास, आठवड्याला ३. पहिल्या मसुद्यात मी "२ क्रेडिट, ३० तास" असं लिहून खाली सहा प्रात्यक्षिकं टाकली होती. अभ्यास मंडळाच्या, म्हणजे विद्यापीठात अभ्यासक्रम तपासणाऱ्या समितीच्या, एका सदस्याने फक्त बेरीज केली आणि कागद बाजूला ठेवला.

घटकांच्या शेजारी तास लिहा आणि बेरीज कॅल्क्युलेटरवर करा. वेळापत्रक करणाऱ्या सहकाऱ्याला ते आधीच दाखवा. वर्कलोड कुणाच्या नावावर चढणार हा प्रश्न मंजुरीनंतर आला तर भांडण होतं, आधी आला तर चहावर मिटतं.

आणि सत्र विचार करून मागा. हे कुठल्याही नमुन्यात लिहिलेलं नसतं. विषम सत्र पावसाळ्यात सुरू होतं. ऑगस्टमध्ये पोरांना जिनिंगवर नेलं तर कुलूप दिसतं. कापूस बाजारात यायला लागतो दिवाळीच्या आसपास आणि जिनिंग पुढे हिवाळाभर चालतं. म्हणून आम्ही हा विषय सम सत्रात मागितला. धानपट्ट्यातल्या, संत्र्याच्या भागातल्या लोकांनी आपापल्या हंगामाप्रमाणे मागावं.

"समजेल" हा शब्द खोडा

प्रस्तावाच्या नमुन्यात अध्ययन निष्पत्तीचा तक्ता असतो. तिथे आपण सवयीने लिहितो: "विद्यार्थ्यांना कापसाचे महत्त्व समजेल." समजलं की नाही हे परीक्षेत कसं तपासणार? मंडळ हेच विचारतं. निष्पत्तीत असं क्रियापद लागतं ज्याचा पुरावा टेबलावर ठेवता येईल.

आमचं वाक्य तीनदा बदललं. शेवटचं रूप असं: "विद्यार्थी ओलावामापकाने कापसाच्या नमुन्यातील ओलावा मोजेल आणि हमीभाव खरेदीच्या ८ ते १२ टक्के निकषावर तो माल पूर्ण भावात बसतो, कपातीने बसतो की परत जातो, हे सांगेल." ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, त्यावर १२ पर्यंत कपात, त्यापलीकडे खरेदी नाही, असा हा हिशेब. या एका वाक्यातून प्रात्यक्षिक निघतं, परीक्षेचा प्रश्न निघतो आणि गुण कशाला द्यायचे तेही निघतं. दुसरी निष्पत्ती रुईच्या (सरकी काढलेल्या कापसाच्या) उताऱ्याची होती: एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई, १७० किलोची गाठ, तर एका गाठीला किती क्विंटल कापूस लागला? जवळपास पाच क्विंटल. गणितात कच्चा असलेला पोरगाही हे काढतो, कारण आकडा घरचा असतो.

दोन क्रेडिटला अशा चार निष्पत्ती पुरे. मी आठ लिहिल्या होत्या. प्रत्येक निष्पत्ती पदवीच्या एकूण उद्दिष्टांशी जोडणारा चौकटींचा तक्ता भरावा लागतो, आणि आठ ओळी भरताना माणूस सगळीकडे "३", म्हणजे "भक्कम संबंध", लिहीत सुटतो. ते लगेच दिसतं.

भाषेचं एक सांगून ठेवतो. अभ्यासक्रम बहुधा इंग्रजी आणि मराठी दोन्हींत मागतात. मराठीतून इंग्रजी करायला मोबाइल वापरलात तर वाचून मगच छापा. आमच्या पहिल्या इंग्रजी प्रतीत कापसाची गाठ दोरीची गाठ झाली होती आणि सरकी कुठच्या कुठे गायब.

परीक्षा कोण घेणार

अभ्यास मंडळात तुमच्या विषयाला पाच-सात मिनिटं मिळतात. तेवढ्यात तीन प्रश्न हमखास येतात. हे कृषी पदविकेचं काम नाही का? पुस्तक कोणतं? परीक्षक कुठून आणणार?

पहिल्याला उत्तर सोपं: पेरणी, खत, फवारणी यातलं आम्ही काही शिकवत नाही, आमचा विषय वेचणीनंतर सुरू होतो. ही रेघ प्रस्तावाच्या पहिल्याच परिच्छेदात ओढा.

दुसऱ्यासाठी तयारी लागते. संदर्भयादीत ग्रंथालयात खरोखर असलेली पुस्तकं टाका, दाखल क्रमांकासह. कापसासाठी आपल्याकडे संस्था जवळ आहेत: अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, आणि नागपुरातच सिरकॉट या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र. यांतल्या एखाद्या ठिकाणच्या तज्ज्ञाचं एका पानाचं मत जोडलं तर मंडळ निवांत होतं.

खरा अडसर तिसरा. प्रात्यक्षिकाला बाहेरचा परीक्षक ठेवलात तर विद्यापीठाकडे त्या विषयाच्या परीक्षकांची नामिका, म्हणजे मंजूर यादी, हवी, आणि नव्या विषयाची नामिका असणार कुठून? म्हणून छोट्या कौशल्य विषयाचं मूल्यमापन विद्यापीठाचा नियम परवानगी देत असेल तर पूर्णपणे कॉलेज पातळीवर ठेवा. २ क्रेडिटला बहुतेक ठिकाणी ५० गुण असतात. आम्ही ते असे वाटले: प्रात्यक्षिक वही १५, नमुना तपासणी २०, जिनिंग भेटीचा अहवाल ५, तोंडी १०. पुरावे कॉलेजात जपून ठेवायचे हेही त्यात लिहिलं. त्या एका ओळीने मंडळाचा जीव भांड्यात पडला.

फाइलीचा प्रवास

विभागाच्या बैठकीत ठराव. सूचक आणि अनुमोदक यांची नावं, तारीख, सह्या. मग आयक्यूएसी (कॉलेजचा गुणवत्ता हमी कक्ष) आणि महाविद्यालय विकास समितीसमोर. मग प्राचार्यांच्या पत्राने विद्यापीठाच्या शैक्षणिक विभागाकडे, एक प्रत अभ्यास मंडळाच्या अध्यक्षांना.

इथे आमच्या बडे बाबूंचं ऐका. मी मेल पाठवून मोकळा झालो होतो. ते म्हणाले, "सर, आवक नंबर घेतल्याबिगर कागद देल्ला म्हणून समजूच नका." स्वतः एसटीने गेले, शिक्का मारलेली पोच घेऊन आले. पुढे दोन महिन्यांनी "तुमचा प्रस्ताव मिळालाच नाही" असा फोन आला तेव्हा त्या पोचेवरच काम निभावलं.

विद्यापीठात प्रस्ताव आधी अभ्यास मंडळापुढे येतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ प्रमाणे विद्याशाखा चार आहेत: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. मंडळाने शिफारस केली की कागद संबंधित अधिष्ठात्यांकडे आणि विद्याशाखेकडे जातो, तिथून विद्या परिषदेकडे. अभ्यासक्रमाला अंतिम मान्यता विद्या परिषदेची. बैठका रोज होत नाहीत. घाईच्या वेळी कुलगुरू परिषदेच्या वतीने निर्णय घेऊन नंतर तो परिषदेपुढे ठेवू शकतात, कायद्यात तशी तरतूद आहे. पण दोन क्रेडिटच्या विषयासाठी त्या वाटेची आशा धरू नका.

कॉलेज स्वायत्त असेल तर हा सगळा खेळ घरातच: स्वतःचं अभ्यास मंडळ, स्वतःची विद्या परिषद, विद्यापीठाला फक्त कळवायचं. खेड्यातली आपली बहुतेक कॉलेजं संलग्नित.

आमच्या तिसऱ्या फेरीत विभागाच्या ठरावापासून अधिसूचनेपर्यंत सात महिने लागले. कपाशीची पहिली वेचणी चालू असताना फाइल निघाली तर पुढच्या पेरणीपर्यंत हाती येते, असा माझा हिशेब. उन्हाळी परीक्षा आटोपल्यावर जागे झालात तर ते वर्ष सोडून द्या.

एखादा सदस्य ओळखीचा असेल तर बैठकीआधी त्याला कागद दाखवा. ही शिफारस मागणं नव्हे. त्याला चूक दिसली तर तो फोनवर सांगेल. सगळ्यांसमोर दिसली तर विषय पुढच्या बैठकीवर जाईल.

कोड येईपर्यंत वर्गात जाऊ नका

दुसऱ्या फेरीत विषय विद्या परिषदेत मंजूर झाल्याचं कळलं. आनंदाच्या भरात आम्ही सत्र सुरू होताच शिकवायला घेतलं. पोरं खूश, जिनिंगवाल्यांनी भेटीच्या दिवशी पोहे दिले, नमुने तपासून झाले. गुण भरायला पोर्टल उघडलं तर यादीत आमचा विषयच नाही. इतिवृत्त कायम व्हायचं होतं, अधिसूचना निघायची होती आणि परीक्षा विभागाने विषयाला कोड दिलेला नव्हता. कोड नाही तर परीक्षा अर्जात विषय नाही, तर गुण नाहीत. पोरांच्या गुणपत्रिकेत दोन क्रेडिट कमी दिसले, निकाल राखून ठेवले गेले. एका पोरीची त्या वर्षीची शिष्यवृत्ती त्यामुळे रखडली. तिचे वडील कॉलेजात आले, ओरडले नाहीत, नुसते बाकावर बसून राहिले. अडीच महिन्यांनी गुण चढले. चूक आमची होती. मंजुरी आणि कोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला ठाऊकच नव्हतं.

तेव्हा मंजुरीनंतर हातात असायला हवं ते: अधिसूचनेची प्रत, विषयाचा कोड, परीक्षा अर्जाच्या पोर्टलवर दिसणारं विषयाचं नाव, आणि त्या नावापुढे बरोबर क्रेडिट. हे चारही तुम्ही स्वतः एका विद्यार्थ्याच्या लॉगिनमधून तपासा.

तोवर पोरांनी काय करायचं

विषय मंजूर होईपर्यंत टोपली रिकामी ठेवता येत नाही. त्यासाठी स्वयम् हे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या विनियमांनुसार एखाद्या सत्रातल्या विषयांपैकी ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयम् वरून घेता येतात. दोनच शाखांच्या कॉलेजला ओईसाठी हा मोठा आधार. स्वयम् वरच्या एनपीटीईएलच्या (आयआयटी वगैरे संस्थांच्या) कोर्सचा हिशेब असा: ४ आठवडे १ क्रेडिट, ८ आठवडे २, १२ आठवडे ३. तुमची जागा २ क्रेडिटची असेल तर ८ आठवड्यांचाच निवडा. कोर्स करणं मोफत, परीक्षेला शुल्क. आणि प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० हवेत.

पण दोन गोष्टी पोरांना आधी सांगा. पहिली, परीक्षा केंद्र जिल्ह्याच्या किंवा त्याहून मोठ्या गावी असतं; सकाळच्या सत्राला पोचायचं तर पहिली एसटी चुकवून चालत नाही, मुलींच्या घरी ही गोष्ट आधीच बोलून ठेवावी लागते. दुसरी, कोर्स सुरू करण्यापूर्वी तो कॉलेजने आणि विद्यापीठाने त्या टोपलीसाठी मान्य केलेल्या यादीत आहे का ते बघायचं. आधी प्रमाणपत्र आणि मग अर्ज, असं करणाऱ्या पोरांचे क्रेडिट बहुधा धरले जात नाहीत.

नावाची शेवटची पडताळणी

मिळालेले क्रेडिट अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात आणि जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. जमा संस्था करते, विद्यार्थ्याला स्वतः काही चढवता येत नाही. त्याने फक्त डिजिलॉकरमधून आधार वापरून अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक, काढायचा. इथे आपल्याकडे नेहमीचा घोळ: आधारवर "वानखडे", बारावीच्या गुणपत्रिकेवर "वानखेडे", आणि प्रवेश अर्जात मोबाइलच्या कीबोर्डने काहीतरी तिसरंच. तीन नावं तीन माणसं धरली जातात.

आम्ही आता प्रवेशाच्या आठवड्यातच दोन संगणक लावून बसतो. पोरगा आधार आणि बारावीची गुणपत्रिका घेऊन येतो, अक्षर अक्षर जुळवतो. जुळलं नाही तर त्याच दिवशी आधार केंद्राची चिठ्ठी. मागच्या वेळी सव्वाशेपैकी एकोणीस जणांची नावं अशी निघाली, आणि सगळी ऑगस्टच्या आत दुरुस्त झाली.